कोलम येऊन राह्यला

दुकानदार कूलरच्या वाळ्याची पट्टी नाकाशी धरून माल अस्सल आहे हे पुन्हा पुन्हा सांगत होता आणि अर्पिताला एवढंच हवं होतं की त्याने ती कागदात गुंडाळून द्यावी. एप्रिलचा पहिला आठवडाही सरला नव्हता, तरी सकाळी दहालाच रस्त्याकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. बाबा होते. हॅलो नाही, कशी आहेस नाही, मधेच तुटलेलं वाक्य पुरं करावं तसे म्हणाले, "कोलम येऊन राह्यला. परवा नागपूरले उतरते." आणि मग लगेच, "तुले सांगावं म्हटलं."

सांगावं म्हटलं. तिने पट्टी घेतली, स्कूटीच्या पायाशी ठेवली आणि किल्ली न लावता तशीच उन्हात बसून राहिली. सीट तापली होती, चटका बसत होता, तरी उठावंसं वाटेना. एकतीस वर्षांची झाली, पण 'तुला विचारावं म्हटलं' असं घरातलं कुणी कधी म्हणालं नव्हतं. सांगायचे. सगळं आधी आपापसात ठरवायचे, घोटायचे, तिघांच्या तोंडी एकच वाक्य बसवायचे आणि मग फार प्रेमाने सांगायचे. त्या प्रेमाचाच तिला वैताग होता. कुणी ओरडून सांगितलं असतं तर उलट ओरडता तरी आलं असतं. आता तिघांतली आई उरली नव्हती, तरी उरलेल्या दोघांनी आपली पद्धत सोडली नव्हती. एकाने यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात बसून आणि दुसऱ्याने आयर्लंडमध्ये बसून ठरवलं होतं, तिकीट काढलं होतं, व्हिसा मिळवला होता, आणि हे सगळं होईपर्यंत ती दर रविवारी बाबांकडे डाळ-भात खाऊन, त्यांचा रक्तदाब मोजून घरी येत होती.

यवतमाळमध्ये तिने आपलं आयुष्य अगदी विचारपूर्वक साधं करून घेतलं होतं. इथे तिला सगळं एकेक हवं होतं. एक आई, ती वारलेली असली तरी चालेल. एक बाप. एक नवरा, एक सासू, संध्याकाळी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून परत येताना भाजीवाली विचारेल तेव्हा एका दमात सांगता येईल असं एक घर. तिच्याजवळ एक वाक्य तयार होतं: आई तिकडे नर्स होती, कॅन्सरने गेली, मग बाबा आणि मी परत आलो. हे वाक्य फार सोयीचं होतं, कारण आई गेली म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. कपिललाही तिने लग्नाआधी तेच सांगितलं होतं. फोटोतल्या उंच, लाल कानांच्या माणसावर त्याने बोट ठेवलं तेव्हा ती म्हणाली होती, "घरमालक. भला माणूस. आम्हाला अगदी घरच्यासारखं वागवायचा." त्या तीन वाक्यांत पहिला शब्द सोडला तर खोटं काहीच नव्हतं. कपिल वीज मंडळात इंजिनीअर, स्वभावाने सरळ. त्याने मान हलवली आणि पुढचा फोटो पाहिला.

घर खरंतर त्या माणसाचंही नव्हतं. चौघंही भाड्यानेच राहत होती.

आई शीला आर्णीहून आधी एकटी गेली. एका वर्षाने बाबा आणि आठ वर्षांची अर्पिता. आयर्लंडच्या पश्चिमेला, जिथे समुद्राचा वास येतो पण समुद्र दिसत नाही अशा एका गावात. बाबा, म्हणजे धर्मपाल, आर्णीच्या शाळेत इतिहास शिकवायचे, जयंतीला भाषणं करायचे, बाबासाहेबांची वाक्यं पान क्रमांकासकट सांगायचे. तिकडे त्यांना अळिंबीच्या शेडमध्ये काम मिळालं. अंधाऱ्या, दमट खोल्यांत रांगांनी मांडलेल्या फळ्यांवरून पांढऱ्या छत्र्या खुडायच्या. घरी आले की अंगाला खताचा गोडसर, कुबट वास येई आणि ते बोलत नसत. आई वृद्धांच्या एका आश्रमात रात्रपाळी करायची. ती घरी यायची तेव्हा बाबा निघालेले असायचे. दोघं स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना वाट देत. अर्पिताला त्या दिवसांतलं भांडण आठवत नाही, कारण ते झालंच नाही. फक्त एकदा आई म्हणाली होती की ह्या माणसाशी मी शेवटची कधी हसले ते आठवून राह्यलीय, आणि तेही भांड्यांकडे बघत.

कोलम बस चालवायचा. पहाटेच्या पहिल्या बसला, आश्रमाच्या थांब्यावर, आई ही एकच प्रवासी असे. पावसात भिजून चढलेल्या ह्या बाईला तो गाडीतला हीटर तिच्या बाजूला वळवून द्यायचा. पुढे काय आणि कसं झालं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती. ती अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी आईने जेवणाच्या टेबलावर बाबांना सगळं सांगितलं. अर्पिता जिन्यावर बसली होती. मग बाबांनी विचारलं, "मंग मी कुठी जाऊ?" आणि आई म्हणाली, "जातं कायले? पोरगी हाय ना इथं."

पुढच्याच आठवड्यात कोलम राहायला आला. एक सूटकेस आणि एक जुना, अवजड टीव्ही घेऊन आला. पाऊस होता. टीव्ही एकट्याला उचलेना म्हणून बाबा चपला घालून बाहेर गेले, त्यांनी एक बाजू धरली, आणि दोघं पुरुष "सावकाश, सावकाश" असं आपापल्या भाषेत म्हणत, पायरीवर अडखळत तो टीव्ही आत घेऊन आले. बाबांच्या पाठीवर पावसाचे डाग पडले होते. त्यांनी तो टीव्ही स्वतःच्या हाताने जोडला, चित्र नीट दिसतं का पाहिलं, आणि मागच्या छोट्या खोलीत जाऊन झोपले. त्या खोलीत ते पुढे अकरा वर्षं झोपले.

ह्या एका दृश्यावर अर्पिता किती रागावली असेल त्याला हिशेब नाही. बारा वर्षांची असताना रागावली, वीस वर्षांची असताना रागावली, आणि आत्ता यवतमाळच्या भर बाजारात तापल्या सीटवर बसून रागावत होती. टीव्ही कशाला धरायचा? पडू द्यायचा होता. तिच्या वर्गातल्या दोन मुलींचे आईबाप वेगळे झाले होते. कपबशा फुटल्या, पोलीस आले, आजी मधे पडली. त्या मुली रडत रडत सगळं सांगायच्या आणि अर्पिताला त्यांचा हेवा वाटायचा. तिच्या घरात कपसुद्धा फुटत नव्हता. कोलमला मसूर आवडते म्हणून बाबा मसूर करायचे. बाबांना थंडी सोसत नाही म्हणून कोलम मागच्या खोलीत भुशाच्या विटा पेटवून द्यायचा. शाळेत पालकसभेला दोघं बरोबर यायचे आणि लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन शेजारी शेजारी बसायचे. शिक्षिका आळीपाळीने दोघांकडे बघायची. यातले वडील कोणते, असं मुलींनी विचारलं तेव्हा अर्पिताने कोलमकडे बोट केलं होतं. आणि तो दुसरा? तो आमच्या गावाकडचा, खोली भाड्याने घेतलीय. तिकडे गोरा बाप चारचौघांत खपून जायचा, इकडे सावळा. दोन्हीकडे एकाला भाडेकरू नाहीतर घरमालक करावं लागत होतं.

आणि त्या रविवारच्या बैठका. बाबांची लोकशाहीवर श्रद्धा, कोलम बस कामगारांच्या युनियनचा जुना माणूस, आणि आईला मुळात गंमत वाटायची. दर रविवारी चहा झाला की तिघं टेबलाशी बसत आणि घरातला प्रत्येक प्रश्न हात वर करून निकालात काढत. अर्पिताने केस कापावेत का. शाळेच्या नाचाला जावं का. चर्चच्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला बौद्धांची हरकत असावी का. अठरा वर्षांची होईपर्यंत तिला मत नव्हतं. ती समोर बसून, दूध पीत, आपलं आयुष्य दोन विरुद्ध एक असं ठरताना बघायची. कधी आई तिच्या बाजूने असायची, कधी कोलम, कधी बाबा. हरलेला माणूस हसून म्हणायचा, ठीक आहे, बहुमत आहे. घरातलं कुणीही तिचा शत्रू नव्हतं. अशा घरातून पळून जाणार तरी कुणापासून?

आई गेली त्या वर्षी ती डब्लिनला होती, फिजिओथेरपीच्या शेवटच्या परीक्षेत. जूनच्या अखेरीस परीक्षा संपली आणि दोघं तिला घ्यायला आले. गाडीत पाठमोऱ्या दोन मानांनी तिला सांगितलं, की आईला बरं नाही, उशिराच समजलं. ऑक्टोबरात आई गेली. तेवढ्या चार महिन्यांत आई बहुतेक झोपलेली असायची. जागी असली की अर्पिताच्या हाताची बोटं एकेक करून दाबत बसायची, बोलायची नाही. ती बोलत का नाही, हे अर्पिता नऊ वर्षं स्वतःला विचारत आली होती.

कोलम आला. ती त्याला घ्यायला नागपूरला गेली नाही, रविवारी बाबांकडे गेली. लोहाऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात, कूलरसमोर, बनियन आणि बाबांचा पायजमा घालून तो बसला होता. पायजमा पोटरीपर्यंतच येत होता. अडुसष्ट वर्षांचा, केस पांढरे, अंग आटलेलं. उन्हाने नाक आधीच सोललं होतं. उठून उभा राहिला, हात पसरले, आणि तिने लांबूनच विचारलं की पाणी उकळलेलं पितोयस ना. आईने त्याला शिकवली होती ती भाषा मराठी नव्हती, आर्णीची बोली होती, आणि तीही आईच्याच चालीत. "लय गरम होऊन राह्यलं," तो म्हणाला, आणि अर्पिता होती तिथेच थांबली, कारण 'लय'वर तसा जोर आता जगात दुसरं कुणी देत नव्हतं. तिला त्याचाही राग आला. हा माणूस तिच्या आईचा आवाज तोंडात घेऊन आला होता आणि आता तो गल्लीभर वाटत फिरणार होता.

फिरलाही. आठ दिवसांत औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावरच्या चहावाल्यापासून विहारातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना तो माहीत झाला. शेजारच्या बाबारावांनी नाव ऐकून विचारलं की कोलाम आदिवासी समाजाचे का, आणि मग इतके गोरे कसे याचा बराच वेळ विचार केला. नळ चार दिवसांनी यायचा. त्या दिवशी दोन म्हातारे अर्ध्या चड्ड्यांवर हंडे-गुंड भरत आणि नळी कुणी धरायची यावरून नम्रपणे वाद घालत. चौदा एप्रिलला कोलम पांढरा सदरा घालून बाबांबरोबर मिरवणुकीत चालला, उन्हाने चक्कर येऊन बसला, आणि लोकांनी त्याला ताक पाजलं. बाबा लोकांना सांगत, माझा मित्र आहे. मित्र. रोज संध्याकाळी अर्पिताला फोन करून दोघंही वेगवेगळं सांगत की दुसऱ्याची तब्येत बरी नाही, तू बघून जा. ती बघून जात होती. एकाचे गुडघे, दुसऱ्याची पाठ. दवाखान्यात दिवसभर हेच करून आल्यावर पुन्हा हेच. आणि घरी सासूबाई विचारत होत्या, की तुमच्या बाबांकडे कोणी साहेब आलेत म्हणे, आम्हाला काहून नाही भेटवत?

सत्यभामाबाई वाईट नव्हत्या. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. पंचवीस वर्षं गावोगाव फिरून कुणाच्या घरात काय शिजतं हे ओळखायची सवय लागलेली. त्यांना टाळणं कठीण होतं. शेवटी जयंतीनंतरच्या रविवारी त्यांनी स्वतःच व्याह्यांना फोन केला आणि जेवायला येते म्हणून सांगितलं. कपिलला ड्यूटी होती, तो संध्याकाळी न्यायला येणार होता. अर्पिता सकाळपासून लोहाऱ्यात येऊन राबली. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, आंब्याचं पन्हं. दोघांना तिने बजावलं: कोलम घरमालक आहे. एवढंच. कोलमने मान हलवली. बाबांनी विचारलं, की त्याला हे बरं वाटेल का, आणि कोलम म्हणाला, चालते, चालते. पुन्हा तेच. सगळ्यांना सगळं चालत होतं.

जेवण नीट सुरू झालं. कोलमने हाताने पोळी तोडली, सत्यभामाबाईंनी कौतुक केलं. उन्हाळ्याचं बोलणं झालं, आर्णीतल्या दोन-चार ओळखी निघाल्या. शीलाला त्यांनी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोकडे बघत त्या हळहळून म्हणाल्या, की स्वतः नर्स असून बाईच्या ध्यानात कसं आलं नाही, लवकर समजलं असतं तर काही झालं असतं का. विचारायचं म्हणून विचारलं होतं. कुणीही विचारलं असतं. बाबांनी ठरलेलं उत्तर दिलं, "उशिराच समजलं."

कोलमने हातातला घास ताटात ठेवला.

"उशिरा नाही," तो म्हणाला. "मार्चमध्ये समजलं."

"कोलम, जेव."

"मी जेवून नाही राह्यलो. शीलाले पोरीले सांगायचं होतं. तू नाही म्हणलं."

बाबांचा चेहरा अर्पिताने असा कधी पाहिला नव्हता. ओठ एका बाजूला ओढले गेले होते. "मी एकटा नाही म्हणलं का?" ते म्हणाले. "हात तू बी वर केलता."

पंख्याने दारावरचं कॅलेंडर फडफडत होतं. अर्पिताच्या हातात वरणाची पळी होती आणि ती कुणाच्या ताटात वाढायची होती हे तिला आठवेना. मार्च. मार्चमध्ये ती डब्लिनला होती, दर दोन दिवसांनी आईशी फोनवर बोलत होती. हाडांच्या परीक्षेत कमी गुण पडले म्हणून रडली होती तेव्हा आईने तासभर समजूत घातली होती. तेव्हा माहीत होतं. रविवार असणार. चहा झाला असणार. तिघं टेबलाशी बसले असणार, आणि आई हरली. आजारी आई, दोन विरुद्ध एक अशी हरली. ठीक आहे म्हणाली असेल का? बहुमत आहे म्हणाली असेल? आणि ऑक्टोबरपर्यंत बोटं दाबत बसली, कारण घराने ठरवलेलं ती मोडत नसे.

"बेटा, तुई परीक्षा होती," बाबा म्हणत होते. "तू सोडून आली असती. मंग तिलेच दुःख झालं असतं."

कोलम आता मराठीत मावत नव्हता. त्याने इंग्रजीत सांगितलं, की मी गेली नऊ वर्षं हे गिळून बसलो आहे, अंत्यविधीच्या दिवशीच हिला सांगणार होतो. दर रविवारी फोनवर तुला विचारत होतो आणि दर रविवारी तू राहू दे म्हणत होतास. मी इथे ऊन खायला आलो नाही, हे सांगायला आलो आहे. मला आता फार वर्षं नाहीत. त्याचा आवाज चढला होता. बाबाही उभे राहिले. मराठीत, इंग्रजीत, मधेच तिसऱ्याच कुठल्या भाषेत दोघं एकमेकांना बोलत होते. कुणी तिला कोणता चहा करून दिला, कोण रात्री उशाशी बसलं, कुणाचा काय हक्क. आणि मग बाबा म्हणाले, "मार्चात तुले समजलं. मले फेब्रुवारीतच माहीत होतं. तपासणीले गाडी मी नेलती. तिनं पहिले मले सांगतलं."

कोलम खाली बसला. त्याला हे ठाऊक नव्हतं. टेबलाशी, त्या संध्याकाळी, दोघांना एकाच वेळी सांगितलं असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

ह्याच भांडणाची अर्पिताने वीस वर्षं वाट पाहिली होती. लहानपणी अंथरुणात पडून तिने मनातल्या मनात ते कितीदा लावून दिलं होतं. त्यात कपबशा फुटत, एकजण दार आपटून निघून जाई, आणि सकाळी घरात एकच बाप उरलेला असे. आता ते खरंच झालं होतं आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. समोर दोन थकलेले म्हातारे धापा टाकत होते. एकाचा रक्तदाब वाढला असणार आणि तोही तिलाच मोजावा लागणार होता.

"अर्पिता," सत्यभामाबाईंनी हळूच विचारलं, "हे कोण होय?"

घरमालक, हा शब्द जिभेवर तयार होता. तो उच्चारला असता तर त्यांनी तोही मानून घेतला असता, निदान वरवर तरी. पण ती इतकी वैतागली होती, की आता आणखी एक गोष्ट सांभाळायला तिच्यात जागाच नव्हती.

"हे माझ्या आईसोबत राहायचे," ती म्हणाली. "नवरा म्हणूनच. बाबाही तिथेच राहायचे, मागच्या खोलीत. मला दोघांनी वाढवलंय. हेही माझे बाबाच आहेत. आणि आत्ता मला दोघांचं तोंड बघावंसं वाटत नाहीये."

सत्यभामाबाईंनी पन्ह्याचा पेला उचलला, परत ठेवला. फोटोतल्या शीलाकडे एकदा पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली. "कपिलले माहीत हाय?"

"नाही."

"मंग आजच सांग. माह्या तोंडून समजलं त बरं दिसन नाही." मग त्या म्हणाल्या, "मले हे पचाले वेळ लागन, पोरी. पचन का नाही, तेबी आज सांगू शकत नाही." आणि उठून, हात धुऊन, दाराजवळच्या खुर्चीवर पाठ करून बसल्या. कपिल येईपर्यंत त्यांना जायला गाडी नव्हती.

अर्पिताने पळी वरणात ठेवली. तिला वाटलं होतं ती आता उठून निघून जाईल. स्कूटी बाहेरच होती, किल्ली कमरेला होती. पण निघून गेली असती तर दोघांनी संध्याकाळपर्यंत समेट केला असता, माफी कशी मागायची हे ठरवलं असतं आणि तिला फोन करून एका सुरात सांगितलं असतं. ती जमिनीवर बसली, दोघांच्या मधे, पाठ भिंतीला टेकवून.

"फेब्रुवारी ते जून," ती म्हणाली. "मला सगळं सांगा. ती काय म्हणाली, काय खात होती, कधी रडली. एकमेकांकडे बघायचं नाही. ठरवून एकही शब्द बोलायचा नाही. बाबा, आधी तुम्ही."

बाबांनी कोलमकडे बघायला मान वळवली आणि तशीच परत घेतली. मग ते भिंतीकडे बघत बोलू लागले. दवाखाना शहरात होता. ते गाडीत थांबले होते, कारण ती म्हणाली आत येऊ नको. बाहेर आली तेव्हा तिने काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, भजे खावासे वाटून राह्यले. तिथं भजे कुठले. मग बटाट्याचे चिप्स घेतले, वर व्हिनेगर मारून. गाडीत बसून तिने सगळे खाल्ले, त्यांना एकही दिला नाही. कागदाला लागलेलं मीठ बोटाने पुसून खाल्लं, आणि मग सांगितलं. सांगून झाल्यावर झोपली.

"अन् मंग?" हे कोलमने विचारलं.

"मंग काही नाही. गावात आलो त ती झोपेलच होती. मी घराकडे वळवलीच नाही गाडी. गावाले चकरा मारत राह्यलो. चर्चपासून, बसच्या डेपोपासून, परत चर्च. तिची झोप मोडू नये म्हणून."

"त्या दिवशी तुम्ही उशिरा आलते," कोलम म्हणाला. "मी जेवण करून ठेवलतं. मी रागावलतो तुमच्यावर."

"होय."

"ती जेवली नाही."

"पोट भरलं होतं तिचं."

कोलमने सोललेल्या नाकावरून हात फिरवला. दाराजवळच्या खुर्चीचा आवाज झाला; सत्यभामाबाईंनी ती जराशी आत वळवली होती, नीट ऐकू येईल इतकी. अर्पिताने गुडघे जवळ घेतले.

"मार्च," ती म्हणाली. "आता मार्च सांगा. टेबलाशी कोण कुठे बसलं होतं, तिथपासून."